ज्यांच्या ड्युट्या बदलल्या, ते संशोधनात नव्हतेच

अमेरिकेत रेसिडेन्सीचं, म्हणजे रुग्णालयात काम करत तज्ज्ञ डॉक्टर होण्याच्या शिक्षणाचं, वर्ष जुलैत सुरू होतं. १ जुलै २०१४ ला तिथल्या ११७ जनरल सर्जरी कार्यक्रमांत नवे रेसिडेंट रुजू झाले, तेव्हा त्यांच्यापैकी साधारण निम्म्यांच्या वाट्याला ड्युटीच्या तासांचे जुने नियम आले आणि बाकीच्यांच्या वाट्याला सैल केलेले. कोणत्या कार्यक्रमाला कोणते नियम, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं होतं. ही 'फर्स्ट' चाचणी. तेव्हा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात असलेले सर्जन कार्ल बिलिमोरिया तिचे प्रमुख. १५१ रुग्णालयं, ४,३३० रेसिडेंट आणि १,३८,६९१ रुग्णांची माहिती. आकार बघितला की छाती दडपते.

मात्र नॉर्थवेस्टर्नच्या, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या आचारसंहिता समितीने या अभ्यासाचे कागद पाहून शेरा दिला, की हे मानवी सहभागींवरचं संशोधनच नाही. त्यामुळे रेसिडेंटांची संमती घेण्याचा प्रश्न उरला नाही. रुग्णांच्या संमतीचाही नाही.

हे प्रकरण मी निवडलं त्याचं कारण हा शेरा. रेसिडेंटांचं स्वास्थ्य मोजणारे अभ्यास आता पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे सगळीकडे उगवले आहेत, आपल्याकडेही. त्यांच्यात काय चुकू शकतं, हे 'फर्स्ट' आणि तिची जुळी बहीण 'आयकम्पेअर' यांच्यात जितकं उघडं दिसतं तितकं दुसरीकडे क्वचित दिसेल.

तासांचा इतिहास, थोडक्यात

मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची विद्यार्थिनी दाखल झाल्यापासून काही तासांतच गेली. तिला पाहणारे डॉक्टर रेसिडेंट होते. वडील पत्रकार, त्यांनी प्रकरण लावून धरलं. ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर फौजदारी खटला भरला नाही, पण रेसिडेंटांना राबवण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. देशभर ती यायला २००३ उजाडलं. २०११ मध्ये आणखी एक पाऊल पडलं: पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला सलग १६ तासांपेक्षा जास्त थांबवायचं नाही. (तिकडे यालाच 'इंटर्न' म्हणतात. आपल्याकडचा इंटर्न वेगळा. आपल्या भाषेत हा जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट.) वरच्या वर्षांना २४ तास आणि वर हँडओव्हरसाठी, म्हणजे रुग्ण पुढच्या डॉक्टरकडे सोपवण्यासाठी, ४.

सर्जन लोकांना १६ तासांचा नियम पहिल्यापासून टोचत होता. त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. रात्री ज्या रुग्णाला तुम्ही दाखल केलंत, ज्याचं पोट सकाळी उघडायचं आहे, त्याच्या ऑपरेशनच्या मध्यावर तुमचे तास संपले म्हणून तुम्ही हात धुऊन बाहेर पडायचं, यात शिकणंही तुटतं आणि रुग्णही. शिवाय ड्युट्या जितक्या छोट्या, तितके हँडओव्हर जास्त, आणि हँडओव्हरमध्ये काय काय गळतं हे ज्याने एकदा तरी सकाळी आठच्या राउंडला दुसऱ्याच्या रुग्णाचे रिपोर्ट शोधले आहेत त्याला सांगायला नको.

म्हणून प्रयोग ठरला. सैल गटात १६ तासांची मर्यादा उठवली, वरच्यांची २८ तासांची उठवली, दोन ड्युट्यांमध्ये किती विश्रांती हवी ते बंधनही उठवलं. तीन गोष्टी तशाच ठेवल्या: आठवड्याला सरासरी ८० तास, सातात एक दिवस सुट्टी, तीन रात्रींत एकापेक्षा जास्त वेळा ऑन-कॉल नाही. पुढच्याच वर्षी, जुलै २०१५ पासून, मेडिसिनच्या ६३ कार्यक्रमांत अशाच धर्तीवर 'आयकम्पेअर' सुरू झाली. तिथे समितीने ते मानवी संशोधन मानलं, पण जोखीम किमान असल्याचं धरून संमतीतून सूट दिली.

जोखीम किमान होती का?

अमेरिकी नियमांत संमतीतून सूट हवी असेल तर पहिली अट असते की सहभागींना रोजच्या जगण्यात असते त्याहून जास्त जोखीम नको. वाद या एका अटीभोवती फिरत राहिला.

दीर्घ ड्युट्यांविषयीचा पुरावा तोवर हातात होता. २००४ मध्ये बोस्टनच्या एका अतिदक्षता विभागात झालेल्या तुलनेत पारंपरिक लांब ड्युट्या करणाऱ्या जेआर-वनकडून गंभीर चुका सुमारे ३६ टक्के जास्त झाल्या होत्या. २००५ चा एक राष्ट्रीय अभ्यास सांगत होता की लांब ड्युटी संपवून गाडी चालवत घरी निघालेल्या जेआर-वनला अपघात होण्याची शक्यता २.३ पट होती, आणि थोडक्यात वाचण्याची जवळपास सहा पट. लांब ड्युटीनंतर सुई टोचण्याच्या घटनाही वाढलेल्या दिसल्या होत्या. म्हणजे धोका रुग्णाइतकाच, किंबहुना जास्त थेट, रेसिडेंटच्या अंगावर होता. झोपेत स्टिअरिंग सुटणं ही काही किमान जोखीम म्हणता येत नाही.

१९ नोव्हेंबर २०१५ ला 'पब्लिक सिटिझन' ही संस्था आणि अमेरिकन मेडिकल स्टुडंट असोसिएशन यांनी मानवी संशोधनावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय कार्यालयाकडे तक्रार केली. तक्रारीत पुढे होते मायकेल कॅरोम, जे पूर्वी त्याच कार्यालयात अधिकारी होते. त्यांचं म्हणणं सोपं होतं: ज्या मर्यादा सुरक्षेसाठी आणल्या, त्या संमती न घेता उठवल्या; धोका माहीत होता; समित्यांनी डोळेझाक केली.

बचावपक्षही मांडायला हवा, कारण तो वकिली नाही. १६ तासांचा नियम लावला तेव्हा कुणी चाचणी घेतली होती? नाही. २०११ मध्ये देशातल्या प्रत्येक जेआर-वनवर एक न तपासलेलं धोरण लादलं गेलं, त्याला कुणी प्रयोग म्हटलं नाही, संमतीही मागितली नाही. तीच गोष्ट निम्म्यांवर करून नीट मोजली की मात्र ती अनैतिक? २०१० पर्यंत सगळे जेआर-वन लांब ड्युट्या करतच होते, आणि २०१४ मध्ये वरच्या वर्षांचे करत होतेच. शिवाय अख्खा कार्यक्रमच जर एका गटात असेल, तर एकट्या रेसिडेंटने नकार देऊन करायचं काय? ड्युटीचा तक्ता एकासाठी वेगळा निघत नाही.

शेवटचा मुद्दा मला पटतो, आणि त्यामुळेच बाकीचा पटत नाही.

संमती पोकळ ठरली असती हे खरं. अमेरिकेत रेसिडेन्सीची जागा 'मॅच' नावाच्या व्यवस्थेतून मिळते आणि ती बांधून घालते. पसंतीक्रम भरायचा, संगणक जोडी लावतो, आणि मग त्या जागी जाणं बंधनकारक. बाजारातली स्पर्धा मोडते म्हणून या व्यवस्थेवर दावा झाला, तेव्हा २००४ मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यानेच तिला संरक्षण दिलं. असा माणूस 'नको' म्हणून जाणार कुठे? त्याची सही घेतली असती तरी ती ड्युटी रजिस्टरमधल्या सहीइतकीच ऐच्छिक असती.

पण संमती घेणं शक्य नाही म्हणून तो संशोधनाचा विषयच नाही, ही उडी कशी मारली? संशोधनातला सहभागी म्हणून एखाद्याला मोजलं की संमतीखेरीजही बऱ्याच गोष्टी त्याच्या पदरात पडतात. काय चाललं आहे ते त्याला सांगावं लागतं. मधेच कुणी तटस्थ माणसाने आकडे उघडून बघावे लागतात, आणि अमुक इतके अपघात किंवा अमुक इतकं नैराश्य दिसलं तर थांबायचं, अशी रेषा आधी आखावी लागते. इजा झाली तर कुणाकडे जायचं ते लिहावं लागतं. 'मानवी संशोधन नाही' या एका शेऱ्याने हे सगळं एकदम गळालं. संमतीवर एवढी शाई सांडली, पण या गळतीबद्दल तक्रारदारही त्या मानाने कमी बोलले, असं मला वाटतं.

प्रश्न परीक्षेनंतर

'फर्स्ट'ने रेसिडेंटांना विचारलं नाही असंही नाही. विचारलं, जानेवारी २०१५ मध्ये. दरवर्षी सर्जरीच्या रेसिडेंटांची एक देशव्यापी परीक्षा होते, 'ॲबसाइट'. ती संपली की लगेच प्रश्नावली पुढे यायची. त्यात शिक्षणाबद्दल, रुग्णसुरक्षेबद्दल, आणि स्वतःच्या एकूण स्वास्थ्याबद्दल समाधानी आहात का, असे प्रश्न होते.

क्षणभर त्या खुर्चीत बसून बघा. काही तास प्रश्न सोडवून डोळे तांबारलेत. या परीक्षेचे गुण तुमच्या कार्यक्रमाकडे जाणार, पुढची फेलोशिप काही अंशी त्यावर. त्याच पडद्यावर आता विचारलं जातंय की तुमचं बरं चाललंय का. उत्तर देणं ऐच्छिक असेलही. पण ज्या जागेवरून प्रश्न येतो ती जागाही उत्तर घडवते, हे आपल्या मौखिक परीक्षांत बाह्य परीक्षकासमोर बसलेल्या कुणालाही कळेल.

फेब्रुवारी २०१६ मध्ये निकाल छापून आले. मुख्य मोजमाप होतं रुग्णाचं: ३० दिवसांत मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत. जुन्या नियमांत ९.० टक्के, सैल नियमांत ९.१ टक्के. चाचणीची रचनाच अशी होती की नवी पद्धत ठरावीक मर्यादेपलीकडे वाईट नाही एवढंच दाखवायचं, आणि ते दिसलं. ऑपरेशन अर्धवट सोडून जावं लागल्याचं सैल गटात ७.० टक्क्यांनी सांगितलं, जुन्या गटात १३.२ टक्क्यांनी. सर्जनांची मूळ तक्रार खरी होती, हे इथे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

आणि स्वास्थ्य? एकूण स्वास्थ्याबद्दल असमाधानी: जुन्या गटात १२.० टक्के, सैल गटात १४.९. संख्याशास्त्राच्या उंबरठ्यावर हा फरक अडखळला, म्हणून 'फरक नाही' या खात्यात गेला. पण त्याच प्रश्नावलीत सैल गटातल्या रेसिडेंटांनी घरच्यांसोबतचा वेळ, विश्रांती, स्वतःची तब्येत यांवर वाईट परिणाम होतो असं जास्त प्रमाणात नोंदवलं होतं. हे निष्कर्षात आलं, लपवलं नाही. फक्त त्याचं वजन कुठे पडणार हे आधीच ठरलेलं होतं. मुख्य मोजमाप रुग्णाचं, रेसिडेंटचं स्वास्थ्य दुय्यम. दुय्यम मोजमाप कितीही ओरडलं तरी चाचणी 'यशस्वी'च होते.

मला या प्रकरणातला नैतिक निर्णय इथे घेतला गेलेला दिसतो: काय मुख्य आणि काय दुय्यम, हे ठरवणाऱ्या पानावर. ते पान बहुतेक समित्या शास्त्राचा भाग म्हणून उलटून पुढे जातात.

'आयकम्पेअर'चे शिक्षणाबाबतचे निष्कर्ष मार्च २०१८ मध्ये आले. सैल गटातल्या जेआर-वनमध्ये एकूण स्वास्थ्याबद्दल असमाधानी असण्याचं गुणोत्तर दुसऱ्या गटाच्या २.४७ पट निघालं, शिक्षणाच्या दर्जाबद्दल १.६७ पट. त्याच निबंधात कार्यक्रम संचालकांचं मतही आहे: सैल नियमांत ते जास्त समाधानी होते. तक्ता आखणारे खूश, तक्ता भरणारे नाखूश. दोन्ही आकडे एकाच निबंधात शांतपणे शेजारी बसलेले आहेत.

माझ्या बाजूला न जाणारी एक गोष्टही सांगतो. २०१९ मध्ये झोपेचा भाग छापून आला. ३९८ जेआर-वनच्या मनगटावर हालचाल मोजणारं घड्याळ बांधून झोप मोजली होती. सैल गटात सरासरी ६.८५ तास, दुसऱ्यात ७.०३. अकरा मिनिटांचा फरक. म्हणजे सैल नियमांनी सरासरी झोप फारशी खाल्ली नाही, आणि त्यांच्या नावाने केलेला काही आरडाओरडा फुगवलेला होता. सरासरीत अठ्ठावीस तास जागून काढलेली एक रात्र दुसऱ्या दिवशीच्या बारा तासांच्या झोपेत विरघळते, हे खरं असलं तरी आकडा आकडा आहे. घड्याळ बांधायला मात्र रेसिडेंट स्वेच्छेने आले होते. मनगटावर काय बांधायचं ते त्यांना ठरवता येत होतं, रुग्णालयात किती तास थांबायचं ते नाही.

आता तारखा लावून बघा. जेआर-वनची १६ तासांची मर्यादा रद्द करून त्यांनाही २४ अधिक ४ तास लागू करण्याचा निर्णय मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला, अंमल त्याच जुलैपासून. 'आयकम्पेअर'चे निष्कर्ष २०१८ आणि २०१९ चे. मेडिसिनचे जेआर-वन ज्या प्रयोगात न विचारता ओढले गेले, त्याचं उत्तर येण्याआधीच त्यांच्या मागून आलेल्यांचा नियम बदलला. हा प्रयोग करणाऱ्यांचा दोष नव्हे, नियम करणारी संस्था वेगळी आहे. मात्र 'फर्स्ट'ला पैसे देणाऱ्यांत तीही होती.

तेच व्यासपीठ, नवा प्रश्न

यानंतर एक चांगली गोष्ट घडली आणि तिच्यातून एक अवघड प्रश्न निघाला. बिलिमोरियांच्याच गटाने जानेवारी २०१८ च्या ॲबसाइट परीक्षेनंतर थेट रेसिडेंटांच्या छळाबद्दल विचारलं: भेदभाव, अपमान, लैंगिक त्रास, बर्नआउट (कामाने आलेला टोकाचा थकवा), आत्महत्येचे विचार. ७,४०९ रेसिडेंटांनी उत्तरं दिली. स्त्री-रेसिडेंटांपैकी ६५.१ टक्के जणींनी लिंगभेद सोसल्याचं सांगितलं. आठवड्यातून एकदा तरी बर्नआउटची लक्षणं जाणवणारे ३८.५ टक्के. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेले ४.५ टक्के. २०१९ मध्ये हे छापून आल्यावर सर्जरीच्या जगात खळबळ उडाली आणि कार्यक्रमांना त्यांचे आकडे दाखवून वातावरण सुधारण्याचा एक मोठा प्रयोगही उभा राहिला. हे काम मोलाचं आहे, त्यात शंका नाही.

पण उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण बघा: ९९.३ टक्के. सर्वेक्षण करणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल असा आकडा. ऐच्छिक प्रश्नावलीला शंभरातले नव्याण्णव उत्तर देतात तेव्हा आचारसंहिता समितीने टाळ्या वाजवण्याआधी विचारायला हवं, की नको म्हणायची वाट कुठे होती, आणि ती दिसत होती का.

दुसरं म्हणजे ७,४०९ चे ४.५ टक्के म्हणजे सुमारे ३३३ माणसं. नाव न लावता गोळा केलेल्या उत्तरांत ही माणसं एका टक्केवारीत बसतात. नाव लावलं तर कुणी खरं लिहिणार नाही. नाही लावलं तर त्या रात्री त्यांच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही. या पेचाला सोपं उत्तर मला सापडलेलं नाही. मदतीचा नंबर शेवटच्या पानावर छापणं हे उत्तर नव्हे, ती पळवाट आहे, पण पळवाटसुद्धा अनेक प्रश्नावल्यांत नसते.

आपल्या वॉर्डात

आपल्याकडे तासांचा नियम कागदावर अमेरिकेच्या देशव्यापी नियमाहून जुना आणि कडक आहे. केंद्राच्या ५ जून १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत दिवसाला सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. मार्डच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, जवळजवळ प्रत्येक आंदोलनात हा कागद बाहेर येतो आणि परत कपाटात जातो. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची शिफारस केली, म्हणजे ४८ वरून वर चढूनही ती सुधारणाच वाटली. त्या दलाच्या ऑनलाइन सर्वेक्षणात ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली आणि जवळपास ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं नोंदवलं. अमेरिकेच्या ४.५ शी याची थेट तुलना करू नका. प्रश्न वेगळे, भरणारे वेगळे, आणि आपल्याकडे ज्याला फॉर्म भरावासा वाटला त्याने भरला. पण विचारणारा कोण होता ते लक्षात घ्या: कॉलेजांना मान्यता देणारी संस्थाच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उतरंडीत खालच्या पायरीवर असल्यामुळे असुरक्षित ठरणाऱ्यांच्या यादीत विद्यार्थी, कर्मचारी, हाताखालचे लोक आणि आरोग्य कर्मचारी हे सगळे आहेत. रेसिडेंट या चारही खणांत एकाच वेळी बसतो. तरी पदव्युत्तर थिसिससाठी 'निवासी डॉक्टरांमधील बर्नआउट' असा प्रस्ताव येतो तेव्हा जोखमीच्या रकान्यात 'नाही' एवढंच लिहिलेलं असतं. फॉर्मची लिंक विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते, बहुतेकदा गाइडकडून, म्हणजे एचओडीकडून, विभागप्रमुखाकडून. खाली अंगठे उमटतात. कुणाचा अंगठा उमटला नाही हेही दिसतं.

फॉर्ममध्ये नाव नसतं, पण विभाग, वर्ष आणि लिंग असतं. ज्या विभागात दुसऱ्या वर्षाला एकच मुलगी आहे तिथे नाव लिहायची गरज काय? शीट गाइडच्या ईमेलवर उघडते. नैराश्याच्या नेहमीच्या नऊ प्रश्नांतला नववा प्रश्न मरून गेलेलं बरं, असं किती वेळा वाटलं, याबद्दलचा. तो गाळला तर प्रश्नावली मोडते, ठेवला तर उत्तराची जबाबदारी येते.

म्हणून असा प्रस्ताव समोर आला की मी दोनच गोष्टी मागतो. कच्ची उत्तरं विभागाबाहेरच्या माणसाकडे जावीत. आणि फॉर्म उघडल्याच्या पहिल्या रात्री नवव्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' असं उत्तर आलं, तर फोन कोण उचलणार, त्याचा नंबर प्रोटोकॉलमध्ये लिहावा. त्या रकान्यात बहुधा थिसिस करणाऱ्या विद्यार्थ्याचाच नंबर येतो. तोही जेआर-टू, आणि त्या रात्री इमर्जन्सी त्याचीही असू शकते.